लॅबचं पिल्लू १५ हजाराचं घ्यायचं की ४५ हजाराचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला राहता, दोघांचे मिळून ७८ हजार येतात, त्यातले २३ हजार घराच्या हप्त्याला जातात, मुलगा नऊ वर्षांचा आणि त्याला वाढदिवसाला लॅब्रेडॉर पाहिजे. एक जण १५ हजारात द्यायला तयार आहे, "४५ दिवसांचं आहे, रविवारी घरपोच देतो". ओळखीतल्या एका घरी लॅबला पिल्लं झालीत, ते २० म्हणतायत. आणि पुण्याचा एक ब्रीडर केसीआय पेपरसकट (केनेल क्लब ऑफ इंडियाचा जातीच्या नोंदणीचा कागद) ४५ म्हणतो, तेही आत्ता नाही, तीन महिने थांबा म्हणतो. दीड लाखाची एफडी मोडून ४५ वालं घेऊ का १५ वालं घेऊन ३० हजार वाचवू, असं तुम्ही विचारलंय.

एफडी मोडू नका. तुमच्या घरखर्चाच्या हिशोबाने ते दीड लाख म्हणजे जेमतेम अडीच महिने, आणि आजारपण नोकरी काहीही झालं तर तेवढेच आहेत. क्रेडिट कार्डावर घेऊन बाकी ठेवून थोडं थोडं फेडायचा विचार असेल तर तोही सोडा, महिन्याला तीन साडेतीन टक्के व्याज कुठल्याच पिल्लासाठी भरू नये.

आता मुख्य मुद्दा. लॅब दहा-बारा वर्षं जगतो. खाणं, लसी, जंताची औषधं, गोचीडाची औषधं, अधूनमधून डॉक्टर, महिन्याला ५ हजार धरा, वर्षाचे ६०, अकरा वर्षांचे साडेसहा लाखाच्या वर, आणि हे आजच्या भावाने. त्यापुढे तुमचा ३० हजाराचा फरक म्हणजे सहा महिन्यांचा खर्च. म्हणून रेट काय यापेक्षा हे पिल्लू कुठून आलं आणि त्यामुळे पुढे दवाखान्यात किती जाणार, हे बघायचं.

१५ हजारवाला बहुतेक ब्रीडर नाहीच, डीलर आहे. चार ठिकाणची पिल्लं तीस-पस्तीस दिवसांची असताना आईपासून तोडून आणायची, एकाच पिंजऱ्यात ठेवायची आणि फोटो टाकून विकायची. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूचा आजार, पसरतो तो अशाच ठिकाणी. आणि त्याची लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे घेताना पिल्लू उड्या मारत असतं. माझ्या मावसभावाने असंच एक घेतलं होतं, तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात जाऊन बसलं, दुधाला तोंड लावेना, रात्री उलट्या आणि रक्ताची हगवण, तो वास एकदा आला की विसरत नाही माणूस. सहा दिवस सलाईन, २३ हजार बिल आणि पिल्लू गेलं. डीलर म्हणाला, "माझ्याकडे होतं तेव्हा बरं होतं, तुमच्याकडे आल्यावर झालं." नंतर मी ते लसीचं कार्ड बघितलं तर स्टिकर चिकटवलेला पण डॉक्टरची सही नाही, शिक्का नाही, आणि तारखेप्रमाणे पिल्लू तेव्हा २८ दिवसांचं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात.

आणि एक, २०१७ पासून कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आहेत. ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही, विकण्याआधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चिप) लावायची. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे "४५ दिवसांचं आहे" हे तो माणूस स्वतःच सांगतोय, अजून काय विचारायचं त्याला.

ओळखीतल्यांच्या घरचं पिल्लू मला वाईट वाटत नाही. आई समोर दिसते, ती कशी आहे, माणसांना घाबरते का, अंगावर येते का हे कळतं, पिल्लं घरात माणसांच्या पायात वाढलेली असतात. पण अडचण अशी की घरगुती लोक हौसेने क्रॉसिंग करतात, नर कुणाचा होता तेही नीट माहीत नसतं, आणि खुब्याचा एक्सरे तर कुणीच काढत नाही. लॅबमध्ये हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, बऱ्याचदा आईबापाकडून येतो, पुढे कुत्रा मागचे पाय ओढायला लागू शकतो, आणि ऑपरेशनचं बिल तुमच्या एफडीचा मोठा घास घेऊ शकतं. पेट इन्शुरन्स आहे म्हणून निवांत राहू नका, जन्मजात आजार बहुतेक पॉलिसीत बसत नाहीत.

आता ४५ वाला. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही, हे लोकांना कळतच नाही आणि कागदालाच २० हजार जास्त देऊन येतात. त्याला विचारा, आई दाखवाल का, आईबापाच्या खुब्याचे एक्सरे आहेत का, हे मादीचं कितवं वेत आहे (नियमाने आयुष्यात पाचच, आणि मादी दीड वर्षाची होण्याआधी नाही), उद्या आम्हाला सांभाळणं जमलं नाही तर परत घ्याल का आणि तसं लिहून द्याल का. ही उत्तरं मिळाली तर ४५ द्यायला माझी हरकत नाही, ते ३० हजार पुढच्या दवाखान्याचे आधीच भरले असं समजा. गोलमोल बोलला, किंवा त्याच्याकडे सात-आठ जातींची पिल्लं बाराही महिने तयार असतील, तर तो महागडा डीलरच. चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच विचारतो, दिवसा घरी कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर, आधी कुत्रा होता का. आणि "चॅम्पियन लाइन, शो क्वालिटी" असलं काही असेल तर त्याच वेतातलं पेट क्वालिटी, म्हणजे नुसतं घरी पाळायचं, पिल्लू केवढ्याला हे नक्की विचारा, तुम्हाला कुठे शोमध्ये उतरवायचंय. बऱ्याचदा रेट चांगला खाली येतो.

तीन महिने थांबायला सांगतोय ना, तेच तुमच्या फायद्याचं आहे. महिन्याला १५ हजार बाजूला काढा, दोघांचं बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी थोडी आवरली तर निघतील. ४५ जमले की पिल्लू, पण लगेच थांबू नका, पुढचे दोन महिने तसेच भरून ३० हजार फक्त त्याच्या आजारपणासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. हे १५ निघतच नसतील तर महिन्याचे ५ हजार अकरा वर्षं कुठून निघणार हेही दोघांनी बसून बोला, मुलासमोर नको.

वाढदिवसाला पिल्लू आलं नाही तर मुलाला पुण्याला घेऊन जा, पिल्लाच्या आईला भेटू दे. टोकन मात्र फोटो बघून यूपीआयवर पाठवू नका, कुणालाच नाही. आणि त्या ओळखीतल्यांना मादीचं वय आणि नर कुणाचा होता एवढं विचारून मला कळवा, एक्सरे काढलेले निघाले तर २० हजारवाल्याचा हिशोब परत मांडू.