कचरा वेगळा करायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

ताई, पहिल्याच आठवड्यात चार रंगांचे डबे आणू नका. ओला आणि सुका, दोनच पुरेत. हौसेनं सगळं मांडायचं आणि पंधरा दिवसांत कंटाळायचं, बहुतेकांचं इथेच बिनसतं.

खरं लक्ष द्या दुधाच्या पिशवीकडे. कोपरा कापून तुकडा वेगळा करू नका. एवढासा तुकडा पुनर्वापरासाठी कुणी वेचू शकत नाही, तो गटारात जातो. छोटी चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. मग पिशवी विसळून दोरीवर वाळत घाला. न धुतलेली पिशवी आंबते, आणि तो वास कचरावेचक बाईंना सोसावा लागतो. हे माझ्या मनाला फार लागतं.

आणखी दोन गोष्टी:
- सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता कळतं.
- रद्दी कोरडी ठेवा.

कंपोस्ट महिन्याभरानं बघू. तोवर फक्त वाळलेला पालापाचोळा पोत्यात साठवा. नवख्यांच्या कंपोस्टच्या डब्याला वास येतो तो बहुधा पाला कमी आणि ओलं जास्त झाल्यामुळे.

चुकून चहाचा चोथा सुक्यात पडला, तर काढून टाका आणि पुढे चला.