चाल आधी, शब्द नंतर: संगीत नाटक लिहिणाऱ्यांचे प्रश्न

नाशिक आणि परिसरातून संगीत नाटकाच्या लेखनाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या चार प्रश्नांना आमच्या नाट्यविभागातल्या लेखक-संगीतकारांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न (नाशिकरोड): बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला संगीत नाटकच लिहायचं आहे. त्यावर पोट भरेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: नुसत्या संगीत नाटकावर घर चालेल असं धरून चालू नका. लेखकाला निर्माता प्रतिप्रयोग मानधन देतो, म्हणजे प्रयोग थांबले की पैसेही थांबले. त्यातून साथीदार, गाते नट, ऑर्गनची ने-आण यामुळे संगीत नाटकाचा प्रयोग गद्य नाटकापेक्षा महाग पडतो आणि तारखा कमी मिळतात. आपल्याच गावात पाहा. वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आलं १९६४ साली, तेव्हा ते नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात शिकवत होते. कुसुमाग्रजांचं 'ययाति आणि देवयानी' १९६६चं. दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. पण या दोन्ही नाटककारांची बरीचशी नाटकं गद्यच आहेत. तुम्हीही एकांकिका, मालिका, जाहिरातगीतं हे हातचं सोडू नका.

सुरुवात वाचनापासून करा. 'शारदा' (१८९९) आणि 'संशयकल्लोळ' (१९१६) या गोविंद बल्लाळ देवलांच्या संहिता सार्वजनिक वाचनालयात शोधा आणि प्रत्येक पदापाशी थांबून विचारा: हे पद काढलं तर नाटकाचं काय अडतं? गोष्ट पुढे जायची थांबते, की पात्राचं मन कळत नाही? काहीच अडत नसेल तर ते पद नुसती सजावट आहे. असं एखादं पद चालतं, चार झाली की प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो. मग स्वतःची तीस-चाळीस मिनिटांची संगीत एकांकिका लिहा: चार पदं, दोन गाते नट, पेटी आणि तबला. ती उभी राहिली की पूर्ण लांबीचं नाटक. अडीच तासांना दहा ते चौदा पदं पुरतात. पहिल्या मोठ्या नाटकासाठी राज्य संगीत नाट्यस्पर्धा ही चांगली जागा आहे.

प्रश्न (गंगापूर रोड): आमचे संगीतकार चाल आधी देतात. मी मात्रा मोजून शब्द बसवते, तरी तालमीत गाताना शब्द अडखळतात. चुकतं कुठे?

उत्तर: एकूण मात्रा जुळतात, खंड (तालातले मात्रांचे गट) जुळत नाहीत. बहुतेक वेळा गोची इथेच असते. रूपक ताल घ्या: सात मात्रा, तीन-दोन-दोन असे खंड. 'सांज उतरे' या ओळीत लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा धरल्या तर सांज (३), उत (२), रे (२). प्रत्येक खंडाला नवं अक्षर, आणि 'सां' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. आता 'अंधार हा' लिहून पाहा. बेरीज पुन्हा सातच. पण 'अं'च्या दोन मात्रा संपल्या की 'धा'ची एक मात्रा पहिल्या खंडात जाते आणि दुसरी पुढच्या खंडात सांडते. गायक मग 'धा' तोडतो नाहीतर ओढतो, आणि शब्द कळेनासा होतो. म्हणून संगीतकाराकडून चाल 'डमी' शब्दांवर मोबाइलमध्ये गाऊन घ्या, टाळी देत ऐका, कागदावर खंडांच्या उभ्या रेघा मारा आणि मगच शब्द शोधा.

आणखी तीन गोष्टी सांभाळा. जिथे तान किंवा लांब ठहराव आहे तिथे 'आ'कारान्त किंवा 'ए'कारान्त शब्द द्या. 'ट्ट', 'ष्ठ' अशा जोडाक्षरांवर सूर थांबवता येत नाही. दुसरं, द्वंद्वगीत. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरणारे गाण्याचे मूळ सूर) गाणारी असेल तर एकाच पट्टीत दोघांपैकी एकाची ओढाताण ठरलेली. अशा वेळी ओळी आलटून पालटून वाटा, एकत्र गाणं शेवटच्या ओळीपुरतं ठेवा. तिसरं, द्रुत पद संपताच त्याच नटाच्या तोंडी मोठं भाषण देऊ नका. दम सावरेपर्यंत समोरच्या पात्राला बोलू द्या. टाळ्यांची जागाही तीच असते, तेव्हा कथानकाची महत्त्वाची माहिती त्या पहिल्या वाक्यात नको. ती टाळ्यांत बुडते.

प्रश्न (सातपूर): नव्या नाटकात जुनी नाट्यपदं वापरायची आहेत. परवानगी लागते का?

उत्तर: शब्द आणि संगीत यांचे हक्क कायद्याने वेगळे असतात, म्हणून दोन्ही तपासा. कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. 'मानापमान'चे नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली. ते शब्द आणि त्या चाली आज मोकळ्या आहेत. 'मत्स्यगंधा'चं तसं नाही. अभिषेकी १९९८ साली गेले, कानेटकर त्यानंतर. वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावीच लागेल. आणि पद मोकळं असलं तरी बाजारातली ध्वनिमुद्रिका लावायची तर तिचा हक्क पुन्हा निराळा. आपल्याच साथीदारांकडून वाजवून घेणं केव्हाही बरं.

प्रश्न (पंचवटी): निर्माता म्हणतो, "करार कशाला, आपलं घरचंच आहे." काय करू?

उत्तर: घरचं असलं तरी कागद करा. कराराशिवाय हक्क दिल्याचा पुरावा कोणाकडेच राहत नाही, आणि भांडण नेमकं नाटक चाललं की होतं. कागदावर लिहा: प्रतिप्रयोग मानधन किती, ते कधी मिळणार, मुदत किती, कोणत्या प्रदेशापुरती, ध्वनिचित्रमुद्रण आणि ओटीटीचे हक्क कोणाकडे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. निर्मात्याने एक वर्ष नाटक उभंच केलं नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, दिलेला हक्क लेखकाकडे परत येतो. हे कलम कराराने काढून टाकलेलं नाही ना, ते सही करण्याआधी पाहा. पदांचे शब्द तुमचे असतील तर तसं स्वतंत्र नमूद करा, नाहीतर गाणी वेगळी विकली गेल्यावर तुमचं नावही राहत नाही.

जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. पदांसकट पूर्ण संहिता द्या. नाशिकच्या कालिदास कलामंदिराची तारीख घेण्याआधीच हे काम हातावेगळं करा.