आरती मराठींत कित्याक?

मस्कत, शुक्रवार रात्र

बाय,

चवथीच्या दुसऱ्या दिवशी तू पाठवलेला व्हॉइस मेसेज मी कामावरून येताना बसमध्ये तीनदा ऐकला. मागे घुमट वाजतंय, आजी कुणाला तरी पातोळ्या वाढतेय, आणि त्या गलक्यात तुझा प्रश्न, घरात कोकणी तर आरती मराठीत का: "पप्पा, आमी घरांत कोंकणी उलयतात, मागीर आरती मराठींत कित्याक?" पुण्याहून आलेला तुझा मावसभाऊ म्हणे हसला, 'तुमचा बाप्पा मराठी मीडियमचा का?' हसू दे त्याला. असा प्रश्न पडायला गोव्यातल्या घरात वाढावं लागतं.

फोनवर सांगत बसलो असतो तर तू मध्येच जेवायला पळाली असतीस, म्हणून लिहितोय. आणि बघ, लिहितोय तेही मराठीत. फोनवर मी अशी मराठी झाडली तर तू विचारशील, "पप्पा, बरे आसात मूं?" पण कागद समोर आला की माझा हात मराठीकडेच वळतो.

शाळेच्या बसमधून तुला मंगेशी आणि म्हार्दोळचं देऊळ रोज दिसतं. यातला एकही देव मूळचा तिथला नव्हे. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलल्या, जुवारी नदी ओलांडली आणि आपल्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्यात, आणून बसवल्या. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते कायमचं उठलं १८१२ साली. फोंडा मात्र १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. आधी आदिलशाही, मग मराठे, मग सौंदेकर राजे. शांतादुर्गेचं आजचं देऊळ उभं राहिलं ते शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने. सरकारदरबार मराठी, पुराण सांगणारा मराठी, भजनाला अभंग तुकोबांचे. चुलीपाशी कोकणी राहिली, देवळाच्या चौकात मराठी बसली. देवासमोर जे कानावर पडत गेलं, तेच तोंडात रुळलं. गणपतीची आरती रामदासांची. ती आपण कोकणीत कशी म्हणणार? चाल आणि घुमट मात्र आपलं. त्या तालावरची आरती तुझ्या भावाने पुण्यात ऐकली असेल तर सांग.

तुझी साष्टीची ती ख्रिश्चन मैत्रीण आहे ना, तिला हेही सांग. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेजुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांना ती चुकल्यासारखी वाटत होती. म्हणून त्याने येशूची कथा ओव्यांत रचली, कोकणीची छटा असलेल्या मराठीत. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन अक्षरांत छापलं. छापखाना गोव्यात १५५६ पासून होता, पण आपल्या लिपीचे खिळे नव्हते. म्हणजे तिच्या पणजीच्या पणजीनेही देवाचं ऐकलं असेल ते मराठी ओवीतच. देव बदलला तरी कानाची सवय बदलता येत नाही, हे त्या पाद्र्याला कळलं होतं. पुढे १६८४ मध्ये फर्मान निघालं, तीन वर्षांत कोकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. तीन वर्षांत! तुझी नखं खायची सवय तेवढ्यात सुटलेली नाही.

आता आपल्या घरातलं. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण थोरले आजोबा आणि आजोबा एकाच सोप्यावर बसून वेगवेगळे पेपर का वाचत, हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि इतकी वर्षं गप्प बसवलेली माणसं वाचायला हपापली. १९६२ मध्ये 'गोमन्तक' निघाला, पुढच्या वर्षी 'राष्ट्रमत'. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यातल्याच एका शाळेत आजोबा मास्तर झाले. मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आला: गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं.

आजोबांचं फूल, थोरल्यांची दोन पानं. त्या महिन्यात आजीने केसात अबोली माळली तर थोरले म्हणायचे, "प्रचार चालू झाला वाटतं." आणि आजी पाहुण्यांना विडा द्यायला लागली की आजोबा तबकाकडे बघून कपाळाला हात लावत, कारण विड्याला पानं दोनच लागतात. आजोबांकडे विलीनीकरणाची बाजू घेणारा 'गोमन्तक', थोरल्यांकडे वेगळ्या गोव्याचा 'राष्ट्रमत'. एकमेकांचा पेपर दोघंही वाचत, पण लपून. थोरल्यांनी 'राष्ट्रमता'तला उदय भेंब्र्यांचा 'ब्रह्मास्त्र' कॉलम कापून ट्रंकेत ठेवलाय, तो अजून आहे.

निकाल लागला: वेगळं राहायला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. आजोबा दोन दिवस जेवायला खाली आले नाहीत. ते अजून म्हणतात, "पेपरांनी हरवलं." मला ते पटत नाही. आजोबा मराठी शाळेतले मास्तर, त्यांना महाराष्ट्र आपलाच वाटणार. थोरल्यांचं बाजारात दुकान. प्रत्येक कागदाला मुंबई गाठावी लागेल या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे. दोघांच्या पोटात जे आधीपासून होतं, ते पेपरांनी रोज सकाळी ओठांवर आणून दिलं, एवढंच. पण तेवढ्याने एका घरात दोन चुली व्हायची पाळी आली होती, हेही खरं.

आणि यातली खरी गंमत ऐक. 'राष्ट्रमत' मराठीत निघायचा. कोकणी ही वेगळी भाषा आहे, गोवा वेगळा आहे, हे गोंयकारांना पटवलं ते मराठीत, कारण वाचायची सवय मराठीची होती. १९८७ च्या फेब्रुवारीत कायदा झाला, राजभाषा कोकणी आणि सरकारी कामात मराठीलाही जागा. त्यावर दोघे भाऊ पुन्हा भांडले, पण तोवर दात पडले होते.

आता तुझ्या हातात पेपर नाही, मोबाइल आहे. इथे मी गोव्याचा म्हटलं की समोरचा डोळे मिचकावून काजूची फेणी आणि बीच विचारतो. हे त्याला सिनेमाने शिकवलंय. मी सांगतो, आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, तर त्याला मी थापा मारतोय असं वाटतं. तू पाठवलेल्या तीन रील्सवरही हिंदी गाणं आणि नारळाची झाडं होती. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची बांधतो ती माटोळी एकातही नव्हती! आंबाडे, तोरींजन, सुपारीचा घोस बांधायला आजोबा या वयात रानात जातात, ते काढ की. मोबाइलला सरसकट शिव्या देणार नाही मी. आत्याचा मुलगा घुमट शिकला तो यूट्यूबवरूनच, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

इथे आम्ही खोलीत पाच जण. चवथीला कॅलेंडरवरचा गणपती भिंतीला लावला. घुमट कुठून आणणार? मडगावच्या जुजेने वीस लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन मांडीवर घेतला आणि ताल धरला. त्याच्याकडे मांड्याला, म्हणजे ख्रिश्चनांच्या जुन्या गाण्यांना, घुमट वाजतं, त्यामुळे हात बसलेला. आरतीतला एकही शब्द त्याला येत नाही, पण धृपदाला बरोबर थांबत होता. शेवटी प्रसादाचे पेढे त्यानेच सगळ्यांना वाटले आणि मला म्हणाला, "तुमी खंयचे भाशेन गायतात तें म्हाका कळना, पूण सोंपता केन्ना तें कळटा."

थोरल्या आजोबांना ट्रंक उघडायला सांग. हळू उघड, कातरणं मोडतात.

तुझा,
पप्पा