कोकणातल्या दुर्गम सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची कातळशिल्पं (जमिनीच्या कातळातच कोरलेली जुनी चित्रं) जपायला ड्रोन, थ्रीडी वगैरेचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पहिला फायदा अगदी साधा, शिल्प धड दिसतं तरी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी गावचा कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे. शेजारी उभं राहिलं तर जांभ्या दगडात खोदलेले चर तेवढे दिसतात. ड्रोन वर गेला की हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी उलगडतात. फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, भर दुपारी सगळं सपाट येतं. आणि गवत वाळून गेल्यावरच जा.

फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के चढतील असे काढले, शेजारी मोजपट्टी ठेवली, की फोटोग्रामेट्रीने, म्हणजे फोटोंवरून मापं काढायच्या तंत्राने, थ्रीडी मॉडेल बनतं. काही वर्षांनी तेच पुन्हा करून ताडून पाहिलं तर कुठली कड झिजली, कुठे टवका उडाला ते मोजता येतं.

पण बाजूला चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) सुरू झाली तर मॉडेल काय करणार? बरीच शिल्पं खासगी जमिनीत आहेत. म्हणून जीपीएस नोंद सर्व्हे नंबरासकट ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व विभागाकडे गेली पाहिजे. २०२२ मध्ये कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली खरी, पण तेवढ्याने कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

आणि हो, कुंपण नसलेल्या शिल्पाचं अचूक लोकेशन इन्स्टावर टाकू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षी गावात शिल्प बघायची सोय केलेली आहे, तिथलं खुशाल टाका.