वाचकांचे प्रश्न : हंगेरीत शिकायला जाताना

प्रश्न : मुलगी सप्टेंबरपासून देब्रेत्सेनला शिकायला चालली आहे. घरी अंडंसुद्धा शिजत नाही. तिकडे ब्रेड-लोण्यावरच दिवस काढावे लागतील का? – एक पालक, सांगली

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण मेन्यूतल्या नावावर विसंबून राहू नये. राजम्यासारख्या बियांचं सूप म्हणजे ‘बॉब्लेवेश’. त्यात बहुतेक वेळा धुरावलेलं डुकराचं मांस असतं. ‘तूरोश चुसा’ म्हणजे पनीरसारखा चक्का घातलेल्या शेवया, पण वरून चरबीचे तळलेले तुकडे पेरतात. टोमॅटो-मिरचीच्या ‘लेचो’त सॉसेज निघू शकतं. म्हणून दोन वाक्यं पाठ करावीत : ‘हूश नेल्क्युल’ म्हणजे मांस नको आणि ‘सालोन्ना नेल्क्युल’ म्हणजे डुकराची चरबी नको. नुसतं पहिलं म्हटलं, तर चरबी मांसात धरली जाईलच असं नाही.

निर्धोक पदार्थ म्हणजे साय आणि चीज घातलेला ‘लांगोश’, म्हणजे तळलेली जाड पोळी (तेलात तळलाय ना, चरबीत नाही ना, एवढं विचारावं) आणि आंबट चेरीचं गार सूप. ‘रान्तोत शाय्त’ हे तळलेलं चीज सगळीकडे मिळतं. मात्र त्याच्या आवरणात अंडं असतं. ‘फ्योझेलेक’ ही दाटसर भाजी खानावळीत स्वस्त असते. तिच्यावर मांसाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, तो नको म्हणून आधीच सांगावं.

खोलीवर करायला सर्वांत सोपं मश्रूमचं ‘पाप्रिकाश’. अर्धा किलो मश्रूम, एक मोठा कांदा, दोन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा गोड पाप्रिका म्हणजे हंगेरियन लाल मिरचीची पूड, दीडशे ग्रॅम ‘तेय्फ्योल’ म्हणजे आंबट साय, एक चमचा मैदा. कांदा मंद आचेवर मऊ होऊ द्या. मग भांडं आचेवरून खाली उतरवा आणि तेव्हाच पाप्रिका घाला. आपल्या फोडणीच्या सवयीने ती कडकडीत तेलात टाकली की तिच्यातली साखर जळते, सगळा पदार्थ कडू होतो आणि तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही. लगेच मश्रूम आणि मीठ घालून त्याच्याच पाण्यात शिजवा. सायीत मैदा कालवून त्यात आधी दोन पळ्या गरम रस्सा मिसळा, मग ते मिश्रण भांड्यात ओता. थंड साय थेट ओतली तर फाटते. चार मिनिटं उकळलं की मैद्याचा कच्चा वास जातो. दुकानात ‘एदेश’ लिहिलेली पाप्रिका गोड, ‘चीप्योश’ लिहिलेली तिखट. मराठी जिभेला दुसरीही सौम्यच वाटेल.

प्रश्न : तिथल्या प्रत्येक फॉर्मवर आईचं नाव मागतात असं ऐकलं. आईचं कोणतं नाव लिहायचं? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हा प्रश्न वेळेत विचारलात हे बरं झालं. ‘अन्या नेवे’ या रकान्यात आईचं जन्माचं, म्हणजे माहेरचं नाव अपेक्षित असतं. हंगेरीत माणसाची ओळख नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि आईचं नाव या चार गोष्टींवरून पटवतात. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, कधी कधी पहिलं नावही बदलतं. त्यामुळे एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असा घोळ होतो. मग निवासपरवाना, विमा आणि बँक यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. पहिला फॉर्म भरण्याआधीच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला विचारून एक रूप ठरवा आणि पुढे अक्षर न अक्षर तेच ठेवा.

बाकी एक सोय आहे. तिथेही आडनाव आधी, नाव नंतर. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. तारीख मात्र वर्ष, महिना, दिवस अशी. खोली घेतलीत की टपालपेटीवर तुमचं आडनाव लावलंय ना ते बघा, नाहीतर सरकारी पत्र परत जाऊ शकतं.

प्रश्न : वर्गमित्राने घरी जेवायला बोलावलं आहे. काय न्यावं, काय टाळावं? – एक विद्यार्थिनी, सध्या सेगेद

उत्तर : फुलं न्या, विषम संख्येत. सम संख्या अंत्यविधीची. शेवंतीही नको, १ नोव्हेंबरच्या आसपास तिथली स्मशानं शेवंतीने भरलेली असतात. दारातच बूट काढा, बहुधा घरात घालायला सपाता देतील.

नमस्कार म्हणून मित्राला ‘सिया’ चालेल, त्याच्या आईवडिलांना ‘यो नापोत कीवानोक’. तू-तुम्हीचा भेद तिथेही आहे आणि अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं ते वडीलधाऱ्यांनी किंवा बाईमाणसाने सुचवल्यावर. आपण होऊन नाही. निरोप घेताना कुणी ‘हेल्लो’ म्हणालं तर गोंधळू नका, जातानाही तसं म्हणतात.

जेवणाआधी घरची पालिंका पुढे येईल. ती फळांची कडक दारू असते, कायद्याने किमान साडेसदतीस टक्के मद्यार्काची, आणि घरची बरेचदा त्याहून जहाल. पीत नसाल तर पहिल्याच वेळी स्पष्ट नाही म्हणा. ग्लास हातात घेऊन न पिणं जास्त खटकतं. पिणाऱ्यांनी डोळ्यांत बघून ‘एगेश्शेगेद्रे’ म्हणावं. बिअरचे ग्लास मात्र आपण होऊन आपटू नयेत. १८४९ च्या ६ ऑक्टोबरला अरादमध्ये १३ हंगेरियन सेनानींना मारल्यावर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास भिडवले, अशी दंतकथा आहे. म्हणून हंगेरियनांनी दीडशे वर्षं बिअरचे ग्लास न भिडवण्याची शपथ घेतली म्हणे, ती १९९९ मध्येच संपली. तरी काही जुनी मंडळी आजही पाळतात.

प्रश्न : हॉटेलात पाच हजार फोरिंट दिले, उरलेले पैसे परत आलेच नाहीत. फसवणूक का? – एक वाचक, बुडापेश्त

उत्तर : नोट देताना ‘क्योस्योन्योम’, म्हणजे आभार, म्हणालात का? तिथे त्याचा अर्थ ‘उरलेले ठेवा’ असा घेतात. बक्षिशीसह किती घ्यायचे तो आकडा सांगायचा, आभार सुट्टे हातात पडल्यावर. बिलात सेवाशुल्क आधीच धरलं असेल तर वेगळं काही द्यायला नको.

प्रश्न : मुलगी म्हणते, ईस्टरच्या सोमवारी मुलगे मुलींवर पाणी टाकतात. हे काय प्रकरण आहे? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : याला ‘लोचोल्कोदाश’ म्हणतात. मुलगा दारात येऊन चार ओळींचं यमक म्हणतो, शिंपडू का विचारतो, आणि बदल्यात रंगवलेलं अंडं किंवा चॉकलेट घेतो. शहरात पाण्याऐवजी अत्तराचे थेंब असतात. होल्लोक्योसारख्या गावात मात्र विहिरीवर पारंपरिक वेषात बादलीनेच चालतं. नको असेल तर नाही म्हणावं, आणि तेवढं पुरायला हवं. हल्ली कित्येक हंगेरियन मुलींनाही हे आवडत नाही. भाग घ्यायचा असेल तर जुने कपडे घालावेत. चार-पाच स्वस्त अत्तरांचा एकत्र वास केसांना संध्याकाळपर्यंत चिकटून राहतो, तेव्हा केस बांधून ठेवले तर बरं. दुकानं त्या दिवशी बंद असतात, किराणा शनिवारीच भरावा.