आजीची चिंचपेटी आणि नव्या हातांची घडण

प्रश्न : आजीची मोत्यांची चिंचपेटी माझ्याकडे आली आहे. काही मोती गळले आहेत आणि खडे सैल झाले आहेत. ती नव्या धाटणीने घडवून घ्यावी, असे मुलीचे म्हणणे आहे आणि त्यासाठी ती मुंबईचे रत्नकार वीरेन भगत यांचा दाखला देते. जुने घाट घेऊन ते नेमके काय करतात आणि त्याला परंपरा म्हणता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भगत यांच्या कामाचे मर्म समजण्यासाठी आधी कुंदनाची घडण लक्षात घ्यावी लागते. कुंदनकामात अगदी शुद्ध, म्हणून मऊ, सोन्याची पट्टी खड्याभोवती नुसत्या दाबाने बसवली जाते. खड्यामागे चकाकता वर्ख असतो आणि प्रकाश त्यावरून परततो. त्यामुळे दागिन्याची पाठ बंद ठेवावी लागते आणि खड्याभोवती सोन्याची ठसठशीत कड दिसते. भगत कमळ, महिरप, जाळी असे मोगली वळणाचे आकार घेतात, पण ही कड जवळजवळ नाहीशी करतात. त्यासाठी ते प्लॅटिनम वापरतात. हा धातू मजबूत असल्याने त्याची अतिशय बारीक कोरही हिरा धरून ठेवते आणि पांढरा असल्याने पातळ, सपाट हिऱ्यावर पिवळी झाक पडू देत नाही. त्यामुळे आकार जुनाच राहतो, मात्र तो सोन्याच्या भरीव कडांऐवजी खड्यांच्याच कडांनी रेखला जातो.

प्लॅटिनमात भारतीय रत्ने बसवणे मुळीच नवे नाही. 1911च्या दिल्ली दरबाराच्या वेळी फ्रान्सच्या कार्तिये या रत्नकार घराण्यातील झाक कार्तिये भारतात आले होते आणि पुढे त्यांच्या पेढीने आपल्याकडची कोरीव पाचू-माणके पॅरिसच्या घडणीत आणली. तेथे आपली रत्ने परक्या घाटात गेली, तर भगत परका धातू आपल्या घाटात आणतात. माझ्या मते या उलट प्रवासातच त्यांची प्रतिभा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 2015 साली भरलेल्या कतारच्या राजघराण्यातील अल थानी यांच्या रत्नसंग्रहाच्या प्रदर्शनात जुन्या मोगली वस्तूंबरोबर त्यांचेही दागिने होते. (अर्थात अशा दागिन्यांच्या किमती आपण न विचारलेल्याच बऱ्या!)

आता आपल्या चिंचपेटीविषयी. ती गळ्यालगत बसते आणि तिचे छोटे भाग मानेबरोबर वळतात, हा तिचा प्राण आहे. धातू, खड्यांची बैठक किंवा मागची साखळी बदलली तरी ती चिंचपेटीच राहील. पण तिच्या पेट्या सुट्या करून लांब माळेत पदके म्हणून ओवल्या, तर हाती येणारा दागिना सुंदर असला तरी चिंचपेटी उरणार नाही. आपल्या मुलीला यांपैकी कोणता बदल हवा आहे, हे आधी तिला कागदावर काढून दाखवायला सांगावे. काम देण्यापूर्वी प्रत्येक पेटीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, मोती मोजून त्यांची नोंद ठेवावी आणि जुने मोती बदलायचे नाहीत, हे पावतीवर लिहून घ्यावे. मोत्यांना उष्णता सोसत नाही. म्हणून डाग लावण्याचे, म्हणजे धातूचे सांधे तापवून जोडण्याचे, काम मोती उतरवल्यानंतरच करावे, हेही कारागिराला अवश्य बजावावे.