पहिलं बिल फेडलंय, तरी गॅरेजवाला गाडी अडवून धरतोय, चालतंय का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचा मेसेज आलाय. सहा वर्षांची गाडी, वॉरंटी कधीच संपली. स्टिअरिंगमध्ये खडखड यायची आणि मधेमधे डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा लाइट लागायचा. गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगचा रॅक (चाकं वळवणारा खालचा दातेरी भाग) बदलायला लागतंय म्हणून सांगितलं, 36,100 रुपये घेतले, जुना पार्ट दिला नाही आणि बिल म्हणून साध्या पॅडवर चार ओळी लिहून दिल्या. वीस दिवसांत गगनबावड्याकडं जाताना स्टिअरिंग एकदम जड झालं. गाडी परत नेली तर म्हणतोय, आता स्टिअरिंगची मोटर गेली, 18,000 द्या, नसेल करायचं तर चेकिंगचे आणि जागाभाड्याचे 4,500 ठेवा आणि गाडी न्या. अकरा दिवस गाडी तिथंच आहे. पोलिसात फसवणुकीची तक्रार देऊ का, असं विचारलंय.

दादा, पोलिसात आत्ता जाऊ नका. फसवणुकीत सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दाखवायला लागतंय, आणि ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जावा' एवढंच ऐकून परत याल.

आधी गाडीचं बघू. गॅरेजवाल्याला गाडी अडवायचा हक्क मुळातच नाही असं नाही हां. 1872 च्या करार कायद्याचं कलम 170 म्हणतं की ज्यानं तुमच्या वस्तूवर मेहनत केली, कसब वापरलं, त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. पण त्याच कामाची. पहिल्या कामाचे पैसे तुम्ही फोन पे केलेत, तो विषय संपला. मोटर त्यानं अजून बसवलेलीच नाही, मग 18,000 साठी गाडी कशी अडवणार. राहिले 4,500. जागाभाडं म्हणजे गाडीवर केलेली मेहनत नव्हे, आणि आपलंच काम का बिघडलं हे बघायचे पैसे तुमच्याकडनं घ्यायचं ठरलं होतं का? नसेल तर तेही टिकणार नाही. सगळ्या जुन्या-नव्या हिशोबासाठी वस्तू अडवायचा हक्क पुढच्या कलमात बँका वगैरे मोजक्याच लोकांना दिलाय, गॅरेज त्यात नाही.

म्हणून आजच व्हॉट्सॲपवर लिहा की पहिलं बिल फेडलंय, दुसऱ्या कामाला माझी परवानगी नाही, दोन दिवसांत गाडी द्या. नाहीच दिली आणि गाडीवाचून अडतंय, तर 4,500 यूपीआयनं भरा आणि लगेच 'हरकत ठेवून दिलेत, परत मागणार आहे' असा मेसेज टाका. रोख अजिबात देऊ नका.

आता खरी मेख. तुमच्या त्या पॅडवरच्या बिलाचा फोटो मी दोनदा बघितला. तिसरी ओळ 'पॉवर स्टिअरिंग ऑइल, 600'. अहो, तुम्ही लिहिताय तसं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्यात पंप नाही, ऑइलची टाकी नाही, मदत मोटर करते, मग ते ऑइल ओतलं कुठं? ही एक ओळ तुमच्या दहा पानी तक्रारीपेक्षा भारी पडेल, कागद सांभाळून ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका.

दुसरं म्हणजे बऱ्याच छोट्या गाड्यांत मोटर आणि सेन्सर वर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डच्या आत असतात आणि खालचा रॅक निव्वळ दातेरी लोखंड. अशा गाडीत खडखड रॅकची किंवा टाय रॉडची (रॅक चाकाला जोडणाऱ्या दांड्याची) असू शकते, पण लाइट लागणं हा बहुतेक वेळा वरच्या इलेक्ट्रिक भागाचा, वायरिंगचा नाहीतर साध्या कमजोर बॅटरीचा प्रश्न असतो. काही गाड्यांत मोटर रॅकवरच असते, तिथं हिशोब वेगळा. तुमची कुठली ते आधी कळायला पाहिजे. म्हणून गाडी ताब्यात आली की दुसऱ्या मेकॅनिककडनं लगेच उघडू नका, ही चूक सगळे करतात आणि पुरावा तिथंच संपतो. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन स्कॅन रिपोर्ट आणि कशामुळं झालं ते लेखी घ्या, रॅक बदलल्यावर सेन्सरचं सेटिंग आणि अलाइनमेंट केलं होतं का तेही विचारा.

तुमची एक कच्ची बाजू सांगतो, रागावू नका. लाइट लागत असताना दोन महिने गाडी चालवली असं तुम्हीच लिहिलंय. समोरचा वकील तेच धरणार. रॅकचं रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं कव्हर) फाटलं, पावसाचं पाणी आत गेलं, गंज चढला असं म्हणेल. म्हणून तर जुना रॅक मागा, लेखी मागा. 'भंगारात टाकला' म्हणाला तर ते उत्तरही लेखी येऊ दे.

मग स्पीड पोस्टनं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. नाही जुमानलं तर जिल्हा ग्राहक आयोग, 2019 च्या कायद्याखाली. काम झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला लागतंय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली तर फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही (वकील असून हे मीच सांगतोय बघा). सेवेतली त्रुटी आहेच, शिवाय पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी अजून अडकलेली असेल तर त्याच तक्रारीसोबत अंतरिम आदेशाचा, म्हणजे निकालाआधीच गाडी सोडायला लावा असा अर्ज द्या. चॅट डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायला लागतंय.

आणि गाडी आणायला जाल तेव्हा चालवत आणू नका, स्टिअरिंग जड आहे, क्रेन बोलवा. उचलायच्या आधी खालनं रॅकचा फोटो काढा, पार्ट नंबर दिसेल असा. नवीनच बसवलाय का जुनाच पुसून ठेवलाय, ते त्यावरनं शोधता येईल.